सुनीताच्या हाताला पेलेल असं

१४ जानेवारी
संक्रांत. पिस्तूल-रिव्हॉल्वरचं लायसन्स हातात पडलं. पोलीस चौकशी, ट्रेनिंग, कचेरीच्या खेपा, सगळं संपलं एकदाचं. बाहेर येऊन पहिला फोन बायकोला, सुनीतालाच करावा वाटला. केला न्हाई.
ती माहेरी, कनेरगाव नाक्याला जाऊन तीन महिने झाले. चोरी झाली त्या दिवशी मी कुरुंद्याला खत आणायला गेलो होतो. भर दुपारी दोघं आखाड्यावर शिरले, शेतातल्या घरी ती एकटी. खांबाला बांधून अंगावरचं सोनं नेलं. आठ दिवसांनी तिनं बॅग भरली. "हितं आता जीव लागत न्हाई." एवढंच बोलली.
घरात एक हत्यार असलं म्हणजे येईल परत. येईल ना?

१९ जाने.
नांदेडला बंदुकीच्या दुकानात. मालक हबीबचाचा, सत्तरीचे. काचेवर दोन ठेवली, एक पिस्तूल, एक रिव्हॉल्वर. पिस्तूल चपटं, दिसायला झकास. पण वरचा भाग मागं ओढायला जोर लागतो. ओढताना डोळ्यासमोर सु.चं मनगट.
"चाचा, हलकं दाखवा. मिसेसला बी जमलं पाहिजे."
"भाऊ, लायसन तुमच्या नावाचं. बाईनं हात बी लावायचा न्हाई. कायदा हाय." मग म्हणाले, "घरात कोण कोण?"
"सध्या मी एकटाच."
चाचांनी पिस्तूल उचलून आत ठेवलं. "मंग रिव्हॉल्वर घ्या. सीधी चीज. अटकत न्हाई."
विचार करून सांगतो म्हणालो.

२१ जाने.
शेतात लाईट आली की ती आतून ओरडायची, "अहो, मोटार!" आज लाईट आली. मी हळदीच्या कडेला उभाच. कशाची वाट बघत होतो कोण जाणे. मोटार लावायची राहून गेली.

२४ जाने.
परत नांदेड. रिव्हॉल्वर ठरवलं. बत्तीस बोअरचं, छोटं. बाजूला ठेवा म्हणून सांगून आलो.
संध्याकाळी सु.ला फोन. हौसेनं सांगितलं सगळं. तिनं एवढंच विचारलं,
"काळं हाय का?"
"व्हय."
"तसलंच होतं त्या दोघांतल्या एकाकडं. माझ्या कानापाशी लावून बसला होता. तुमची गाडी वाजेपर्यंत."
मला हे माहीतच नव्हतं. पोलिसांच्या कागदात नाही.
"काहून न्हाई सांगितलं?"
"तुमी सोन्याचंच इचारत होता."
फोन तिनंच ठेवला.

२५ जाने.
खरंय. पोत केवढी, पाटल्या किती, पावत्या कुठं. तिच्या मनगटावर दोरीचे वळ होते आणि मी यादी करत…

२९ जाने.
चाचांचा फोन. "भाऊ, दुसरं गिऱ्हाईक मागून राहिलं. ठेवू का देऊ?"
"सोमवारपर्यंत ठेवा."
खालच्या आखाड्यावर परवा परत चोरी झाली. कुणासमोर बोललो न्हाई, पण भीती मलाच वाटते आता. नुसतं तिच्यासाठी घेऊन राहिलो म्हणणं खोटं आहे. रिव्हॉल्वर पाहिजे. ती पण पाहिजे.

१ फेब्रुवारी, रविवार
कनेरगाव नाक्याला गेलो. सासूबाईंनी पाणी दिलं नि आत निघून गेल्या. सु. वाळलेली दिसली. ओट्यावर बसलो दोघं. म्हटलं, "त्या दिवशी काय काय झालं, सांग."
मग तासभर बोलली. तो कुठं बसला, तंबाखूचा वास. तिनं पाणी मागितलं तर त्यानं तिच्याच तांब्यातनं पाजलं म्हणे. मी ऐकत राहिलो. तिचा हात धरावा वाटत होता. धरला न्हाई. तिनं पदरानं तोंड पुसलं.
"घेणार का मग?"
"तू सांग."
"मी काहून सांगू? तिथं राहायचं तुमाला हाय."
तुमाला. हा शब्द लई लागला.
निघालो. गाडी सुरू केली तर ती फाटकापर्यंत आली.
"हळद कधी काढणार?"
"पंधरा दिसांनी."
"काढायला बाया मिळाल्या का?"
"न्हाई अजून."
मग म्हणाली, "दिवस ठरला की कळवा मला."