मैदान ओलं होतं

नाना, "जमिनीला विचारावं, माणसं आपापल्या सोयीचं सांगतात," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी नऊ वर्षांची असेन. रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडलं होतं आणि तुम्ही मला तुमच्या शाळेच्या मैदानावर घेऊन गेला होतात. फ्रॉकचा घेर खोचायला लावलात, चपला काठाला काढायला लावल्यात आणि म्हणालात, "चाल. सात ठिकाणी टाच दाब, तुला वाटेल तिथे." मी पुढे चालायची आणि तुम्ही मागून प्रत्येक ठशापाशी वाकून दहा आकडे मोजायचात. दहाच्या आत ठशात पाणी वर आलं तर ती जागा ओली. सातातल्या चार जागा ओल्या निघाल्या की फुटबॉलचा सामना पुढे ढकलायचा. शाळेत शिपाई होते, मोठी मुलं होती, मग मीच का, असं आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिच्या वजनाला जमीन धसली तर पोरांच्या वजनाला धसणारच. आणि हिला कोण जिंकतं याचं काही पडलेलं नाही." पुढची दोन वर्षं उज्जैनात कुठला सामना होणार आणि कुठला नाही, हे माझ्या टाचेवर ठरत होतं. शाळेत मी ते कुणाला सांगितलं नाही, पण चालायची मात्र तोऱ्यात.

आज हे लिहायला बसले त्याला कारण दादाचा लेख आहे. तुमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे, आणि त्यांनी दादाकडे तुमच्यावर चार पानं मागितली. दादाने ती इंदूरहून माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी, "तू लिहिणारी आहेस, ऱ्हस्व-दीर्घ बघून दे, बाकी काही बदलू नकोस." तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. "माझे वडील आयुष्यात नियमापुढे कुणालाही झुकते माप देत नसत, ते एकदाच दिले, माझ्यासाठी." चार दिवस झाले, पेन्सिल त्या वाक्याशी येते आणि थांबते.

मध्यभारत राज्यातल्या शाळांचा तो अंतिम सामना. तुमची शाळा आणि ग्वाल्हेरची. दादा गोलकीपर. त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. रामघाटावरच्या लहान देवळांचे कळस तेवढे पुराच्या पाण्याबाहेर दिसत होते आणि आमच्या स्वयंपाकघरात शेगडीभोवती मोजे, बूट आणि तो चामड्याचा फुटबॉल कायमचे मुक्कामाला आले होते. "हे उचला इथून," आई म्हणते, "पोळीला चामड्याचा वास लागतोय." तुम्ही फुटबॉल उलटा करून पुन्हा तिथेच ठेवता. "ओला राहिला तर दगड होतो गं, एखाद्या पोराची मान मोडेल." "आणि माझी मोडली तर?" "तुझा सामना कधी आहे?" आई हसू दाबून पोळी उलटते. हे सगळं मला असं दिसतं, जणू आत्ताच चाललंय.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी दादाला उठवायला गेले तर त्याचा हात तव्यासारखा तापलेला. "नानांना सांगितलंस तर बघ," तो म्हणाला. "ते मला काढतील. मागे पाच मिनिटं उशीर झाला तर काढलं होतं, माहितीये ना?" मला माहीत होतं. ताप कळला तर तुम्ही त्याला काढाल, आणि तो तुमच्याशी पुन्हा वर्षभर बोलणार नाही. आणि मी गप्प राहिले तर तो खेळेल. शेजारच्या घरातली माझ्याएवढी मुलगी त्याच श्रावणात मोतीझऱ्याने, म्हणजे टायफॉइडने, गेली होती. तिलाही आधी नुसता ताप आला होता. मी अकरा वर्षांची होते. मला दोघांपैकी कुणालाच काही सांगता येईना.

मैदानावर पोचलो तेव्हा भुरभुर चालू होती. ग्वाल्हेरची मुलं वर्गखोलीच्या खिडक्यांतून बघत होती. ती आदल्या दिवशीच आगगाडीने आली होती आणि बाकं जोडून झोपली होती. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "तुला वाटेल तिथे." दोन वर्षांत मला ते मैदान पाठ झालं होतं. मधला भाग चढाचा, तिथलं पाणी लगेच उतरायचं. नाल्याकडची बाजू खोलगट. मी नाल्याच्या कडेकडेने चालले आणि सातही टाचा तिथेच रोवल्या, नुसत्या दाबल्या नाहीत, फिरवल्या. तुमच्या चष्म्यावर थेंब होते. तुम्ही वाकून मोजत आलात. एकही ठसा सहाच्या पुढे गेला नाही. तुम्ही सरळ झालात, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसलात आणि पंचांना सांगितलंत, "मैदान ओलं आहे. सामना पुढे ढकलला."

दुपारी दादाने ओकारी काढली आणि सगळ्यांना कळलं. मोतीझराच होता. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी औषधाची बाटली घेऊन शाळेवरून परत येत होते, तर तुम्ही मैदानात एकटे दिसलात. काळी माती वाळताना ठसे कसे पक्के होतात हे तुम्हीच मला दाखवलं होतं. नाल्याच्या कडेने तुम्ही एकेका ठशापाशी थांबत चाललात. सातव्यापाशी बराच वेळ उभे राहिलात. मग मध्यावर गेलात, बूट काढलात आणि स्वतःची टाच दाबून पाहिलीत. मी भिंतीआड झाले. घरी आलात तेव्हा तुम्ही हात धुतलेत, दादाच्या कपाळावरची पट्टी बदललीत आणि मला पाणी आणायला सांगितलंत.

दादाला सोडून जायला तुम्ही तयार नव्हतात, म्हणून सामन्यांची कमिटी त्याच आठवड्यात आपल्याकडे जमली. वकीलसाहेब, म्हणजे अध्यक्ष, चिवड्याची बशी मांडीवर घेऊन म्हणाले, "मास्साब, फुटबॉल तो बरसात का ही खेल है. आप सूखी जमीन ढूँढते हो, तो फिर कबड्डी करवा दो." तुम्ही म्हणालात, "वकीलसाहेब, ही माळव्याची माती आहे. पोराचा पाय आत राहतो आणि पोरगं पुढे जातं. मी तर म्हणतो पावसात सुट्टी द्या आणि थंडीत खेळवा." ग्वाल्हेरचे मास्तर दोन्ही हात हलवत म्हणाले, "थंडी? आमच्याकडे डिसेंबरात या तुम्ही. धुक्यात गोलकीपरला स्वतःचे हात दिसत नाहीत. वर मावठ्याचा पाऊस पडला की झालंच. थंडीची सुट्टी पाहिजेच." "मग परीक्षा आल्या," तुम्ही म्हणालात. "त्या काय, दरवर्षी येतात," ग्वाल्हेरचे मास्तर म्हणाले. वकीलसाहेब हसले, "ठंडी में राजधानी भी आपके यहाँ, छुट्टी भी आपके हिसाब से. इंदौरवाले सुनेंगे तो रो देंगे." मध्यभारताची राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. शेवटी ठरलं, थंडीच्या सुट्टीनंतर, जानेवारीत. मध्यभारत हे राज्यच जाणार असं रोज पेपरात येत होतं. राज्याबरोबर सामनाही जाईल हे त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही. नोव्हेंबरात नवं राज्य झालं, दफ्तरं भोपाळला गेली. जानेवारीत तुमच्या पत्राला उत्तर आलं, की उक्त प्रतियोगिता का कोई अभिलेख इस कार्यालय में उपलब्ध नहीं है. ते पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि नीट घडी घातलीत. दादाच्या वर्गातली मुलं मॅट्रिक होऊन पांगली.

गावाने मात्र आपला निकाल लावला होता. एकदा टावर चौकात तुम्ही मला वह्या घेऊन देत होतात, तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्साब, हमारे लड़के को भी जुकाम है, जरा मैदान गीला करवा दो." लोक हसले. तुम्ही वह्यांची पानं तपासत होतात. "मैदान ओलं होतं," तुम्ही म्हणालात, त्या हिंदी बोलणाऱ्या माणसाला, मराठीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्या उन्हाळ्यात तुम्ही कमिटी सोडलीत. पुढच्या पावसाळ्यात मैदान बघायला शिपायाला नेलंत. "मुलगी मोठी झाली आता," आई म्हणाली, आणि तेही खरंच होतं. तुम्हाला कळलं होतं का, हे मी त्यानंतरच्या पंधरा वर्षांत, तुम्ही जाईपर्यंत, विचारलं नाही. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसायचे, तेव्हा रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी तुमचं पांघरूण सारखं करून घरी यायची.

दादा त्या आजारातून उठला तो वेगळाच. तुम्ही आपल्यासाठी सामना मोडलात, एवढी एक गोष्ट त्याने मनात धरली. त्याआधी तुमचं नाव निघालं की तो खोलीतून उठून जायचा. नंतर बँकेच्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी चष्मा केला तो त्याने, बायकोला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा हीच गोष्ट सांगितली तिला, आणि आता मुलांना सांगतो. प्रत्येक वेळी मी समोर असते. मी भाजी निवडते किंवा उठून चहा टाकते.

खरं सांगितलं तर तुमच्यावरचा डाग जाईल. तुम्ही मुलाची बाजू घेतली नव्हती, तुम्ही नेहमीसारखे दहा आकडे मोजले होते, फसवलं ते मी. स्मरणिका वाचणाऱ्यांत त्या वेळची दहा-वीस माणसं तरी असतील, त्यांनाही कळेल. पण मग दादाजवळ पाच मिनिटांच्या उशिरासाठी त्याला संघातून काढणारे नानाच उरतील. आणि त्या दिवशी सातव्या ठशापाशी तुम्हाला जे कळलं असेल, ते कळूनही तुम्ही टावर चौकात जे म्हणालात, ते कुणासाठी म्हणालात, हे मला ठाऊक आहे असं मला वाटतं. ते मी इतकी वर्षं एकटीने ठेवलं आहे. दादाचं वाक्य वाचताना मला त्याचा थोडा हेवाही वाटला, हेही लिहून ठेवते.

हे पत्र कुठे जाणार नाही. लेख उद्याच्या टपालाने परत पाठवायचा आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळे बघून झाले. नाना, ते वाक्य तसंच राहू द्या. तुम्ही पक्षपात केलात असं छापून येऊ द्या, खोटं असलं तरी. तुम्ही नाहीच म्हणणार, तरी विचारते आहे.