माझी बाटली, माझी खुर्ची

ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलले असते तर तू मधेच फोन वहिनीकडे दिला असतास, म्हणून लिहिते. मी पिते, हे तुला ठाऊक आहे. मी थांबले आहे, हे ठाऊक नाही. आज सव्विसावा दिवस.

चष्म्याच्या दुकानात मी पिऊन भिंगं बसवते, हे मालकांच्या आधी एका बसचालकाने ओळखलं. मी त्याची डावी-उजवी भिंगं उलटी बसवली होती. दोन दिवस तशीच बस चालवून तो चष्मा परत घेऊन आला. ओरडला नाही. गाडीत चाळीस माणसं असतात ताई, एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी दवाखान्याच्या फलकावरचा, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा नंबर उतरवून घेतला. दोनदा लावला आणि दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा पत्ता मिळाला, तर तिथे व्यायामशाळा निघाली! वजनं उचलणाऱ्या एका पोरीने सांगितलं की दारू सोडणारे लोक मागच्या शाळेत बसतात.

शाळेच्या वर्गात सोळा पुरुष, बाई एकही नाही. दारातल्या काकांनी मला प्रेमाने सांगितलं की घरच्या मंडळींची बैठक गुरुवारी असते, मिस्टरांना मात्र आज पाठवा. मी म्हटलं, मिस्टर नाहीतच, बाटली माझीच आहे. आयुष्यभर क्रेन चालवलेल्या त्या काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग ते उठले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. एकाने कुरकुर केली, की बाईसमोर मोकळं बोलता येणार नाही. मी त्याला सांगितलं की मला येतं, मीच सुरू करते. आणि केलं.

तुझ्या थोरल्या लेकीच्या लग्नाला येतेच आहे. वहिनीस नमस्कार. माझ्यावर राग असला तरी लोभ सोडू नकोस.
तुझी
खारू

ता. १७ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सोडलीस, फार बरं वाटलं. पण सोळा परक्या पुरुषांसमोर हे सांगायची काय गरज होती? घरी बसून सोडता आली नसती का? मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे, थोरलीच्या सासरची माणसं नावाला जपणारी आहेत. लग्नाच्या जेवणात दारूचे पेले फिरतील, तू नको म्हणशील, कुणी कारण विचारेल. पित्ताचा त्रास आहे म्हण, एवढंच मागतो. एक दिवसाचा प्रश्न आहे. ते जमणार नसेल तर या वेळी न आलेलं बरं. तुझ्या भल्याचंच सांगतो. तब्येत सांभाळ.
तुझा
दादा

ता. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

मग नाही येत.

चिडून लिहीत नाहीये. चिडून लिहिलेलं काल फाडून टाकलं. अकरा वर्षं मी पित्त, डोकेदुखी, पाहुणे आणि नसलेली लग्नं सांगत आले. लपून प्यायले, दादा, पण लपून सोडणार नाही. एक थाप मारली की दुसरी लागते, आणि दुसरीनंतर मला काय लागतं ते मला पक्कं माहीत आहे. मालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी काढून टाकलं नाही, फक्त प्रत्येक भिंग दोनदा तपासायला लावतात. तपासते.

थोरलीसाठी चष्म्याची फ्रेम पाठवते आहे, तिच्या नाकाला शोभेल अशी. लग्न शनिवारी, आमची बैठकही शनिवारी. मी कुठे असेन ते तुला ठाऊक आहे.
तुझीच, बोलावलं नाहीस तरी
खारू

ता. ६ मे

चि. खारूस,
आशीर्वाद, आणि आज थोडी माफीही.

लग्न नीट पार पडलं. जेवताना व्याह्यांनी विचारलं, की तुमची बहीण दिसत नाही. पित्त हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. समोर थोरली बसली होती, तू पाठवलेली फ्रेम घालून. तू का येत नाहीस ते तिला मी आधीच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी तुटक वागत होती. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हणालो, माझ्या बहिणीने दारू सोडली आहे, चौथा महिना चालू आहे, आणि ती आली नाही कारण मी तिला खोटं बोलायला सांगितलं होतं.

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. व्याही जेवण संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. थोरली मात्र उठून माझ्या शेजारी येऊन बसली. आभाळ काही कोसळलं नाही, खारू.

आणखी एक. फोनवर तुझी जीभ जड व्हायची तेव्हा मी तुझ्या वहिनीला सांगायचो की तिला झोप आली आहे. लपवण्यात मीही होतोच.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची माणसं आमच्याकडे जेवायला आहेत. तू ये. ज्याला तू चालणार नाहीस, त्याने येऊ नये.
तुझा
दादा

ता. १० मे

ती. दादास,
सा. न.

पत्र दुकानातच वाचलं. मालकांनी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही, भाऊ सापडला.

रविवारी येते. विहीणबाईंना मला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारू दे. माझ्या बाजूने तू कुणाशी भांडू नकोस. ते काम मला जमतं.

लोभ आहेच, आता चारचौघांत राहू दे.
तुझी
खारू