तेरा दिवस उशिराचा निकोला

प्रिय देसाताई,

हे पत्र मी ऑक्टोबरपासून लिहितोय. म्हणजे खरं तर टाळतोय. आधी म्हटलं बरासा कागद मिळू दे, मग म्हटलं आईचा चाळिसावा दिवस होऊन जाऊ दे, मग थंडी पडली आणि पेन चालेना. पेनाचं निमित्त, चालत नव्हतो मीच. फोनवर आपण बोलतो, पण फोनवर मला खोटं फार पटकन जमतं. शाळा बुडवायचो तेव्हा फाटकातूनच ओरडून काहीतरी सांगायचो, आणि आईला ते पटायचं. कागदावर मी अडखळतो, म्हणून कागद. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलंय कारण उभ्यानं लिहितोय, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. आज एकोणीस डिसेंबर, आपल्या घरच्या संत निकोलाचा दिवस. आज यजमानानं बसायचं नसतं, आणि या खोलीत यजमान म्हणायला मीच एकटा आहे.

हो, मेणबत्ती लावलीय. रागावू नकोस. बाबांचं बोलणं तू मला जसंच्या तसं सांगितलं होतंस. यंदा घरात संत निकोलाची मेणबत्ती लागणार नाही, घरची बाई गेली, आणि जो आईच्या मातीला आला नाही त्याच्या हातात मी कुळाचार देणार नाही, आपल्या घराचा निकोला माझ्याबरोबरच विझेल. तू रडत होतीस आणि मागे तुमचे मिलोयेराव पोरांवर टीव्ही बंद करा म्हणून ओरडत होते. बाप जिवंत असताना, त्यानं न देता मुलानं कुळाचार उचलायचा म्हणजे चोरीच की. पण सकाळी उठलो, खाली बर्फ पडत होता, वाल्येवोत आत्ता आपलं दार उघडं असायला हवं होतं आणि ते बंद असणार, हे डोक्यातून जाईना. मग चर्चमध्ये गेलो आणि मेणबत्ती घेऊन आलो.

इथली गंमत अशी की सोफियातला निकोला तेरा दिवसांपूर्वीच होऊन गेला. यांचं पंचांग आपल्यापुढे धावतं. सहा तारखेला सगळं शहर निकोलाच्या जेवणाचे मासे घेऊन पळत होतं. ट्राममध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत एक जिवंत कार्प शेपटी आपटत होता, आणि तिकीट तपासनीस त्याचंही तिकीट मागत होता. आज बाजारात एक कार्प दिसेना. शेवटी गोठवलेला बांगडा आणला. राइना आजी, म्हणजे माझी घरमालकीण, मला कुळाचाराचा गहू शिजवताना बघून दारात थबकली. म्हणाली, "पोरा, निकोला केव्हाच जेवून गेला. तू आता कुणासाठी मांडतोयस?" मी म्हटलं, आमच्याकडे तो उशिरा येतो. त्यावर तिचं म्हणणं, तुमच्याकडचे सगळेच उशिरा येतात, तुझं भाडं धरून. तिला काही माहीत नाही ताई, ती सहज बोलली. पण मी गव्हात साखर दोनदा घातली.

कुठे होतो मी? हां, आई. तुला वाटायचं मी तिला फोनवर राजधान्यांची वर्णनं ऐकवतो, किल्ले, पूल, राजवाडे. तिला त्यातलं काहीच नको असायचं. तिचा प्रश्न एकच. तिथल्या बायका हिवाळ्याची बेगमी कशी करतात? त्यामुळे साडेतीन वर्षं मी मान वर करून हिंडलो, बाल्कन्या बघत. बेलग्रेडला लोक दोन नद्यांचा संगम बघायला जातात. मी भांडी घासायचो त्या खाणावळीच्या मागच्या गल्लीत सहाव्या मजल्यावर एक मिशाळ म्हातारा पत्र्याची चूल मांडून मिरच्या भाजायचा. खालचा शेजारी धुराला शिव्या घालत जिना चढायचा आणि वर जाऊन मिरच्या सोलायला बसायचा. पोडगोरित्सात तर ऑगस्टच्या उन्हानं शहरच आडवं होतं. एकाला बेगमीचं विचारलं तर म्हणाला, आम्ही कशाला करू, डोंगरावरचा चुलता जिवंत आहे अजून. आई यावर आठवडाभर हसली होती. तिरानात पिवळ्या-जांभळ्या इमारतींच्या गच्च्यांवर द्राक्षांचे मांडव, आणि बरण्यांत हिरवे टोमॅटो मुरत ठेवलेले. त्यांची कृती मला कुणी नीट सांगितली नाही. मी बनवून सांगितली, आणि आईनं ती करून बघितली. टोमॅटो नासले. ती म्हणाली, आपलं पाणी वेगळं असेल.

सारायेवोला पोचलो तेव्हा सप्टेंबर होता, आणि उतारांवर पांढरं काही दिसलं ते मला आधी बर्फच वाटलं. थडगी होती, युद्धातली. ज्या मुनिबाकाकूंकडे राहिलो त्या दरवर्षी आलुबुखारांचा मुरंबा घालायच्या, पाच माणसांना पुरेल इतका. घरात त्या एकट्या. फळीवर चार-चार वर्षांच्या बरण्या. मी हे आईला सांगितलं तेव्हा वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, हातांना कुणी गेल्याचं सांगून कळत नाही रे. मी तेव्हा तेविशीतला शहाणा, मला वाटलं आई आपली काहीतरी बोलते.

आईला ऐकवलेलं शेवटचं शहर स्कोप्ये. तिथे माणसांपेक्षा पुतळे जास्त आणि त्यातले निम्मे घोड्यावर, त्यावर मी दोन पानं लिहू शकतो, पण लिहीत नाही. सप्टेंबर संपता संपता तिथे गल्लीगल्लीत मिरच्या भाजतात. केसांना वास, उशीला वास, बँकेतल्या नोटांनाही वास. यंदा मी आईला फोन लावला आणि फोन खिडकीबाहेर धरला. आत घेऊन विचारलं, आला का? ती म्हणाली, "आला रे. जरा करपतायत, उलट म्हणावं त्यांना." तेच आमचं शेवटचं बोलणं. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता जे सांगणार आहे तेही सांगितलं नव्हतं.

माझा फोन चोरीला गेला नव्हता, ताई. तुझा निरोप मला मंगळवारी सकाळी सातलाच मिळाला. आई तुझं नाव घेतेय, असशील तसा नीघ. मी निघालो. देवाशप्पथ निघालो. पिशवी भरली, बेलग्रेडचं तिकीट काढलं, फलाटावर जाऊन बसलो. पहिली बस लागली, भरली, गेली. म्हटलं पुढची घेऊ. शेजारी मिरच्यांचं पोतं घेऊन एक बाई बसली होती. तिनं विचारलं कुठे जायचंय, मी म्हटलं घरी. ती म्हणाली, मग गेली की तुझी बस, झोपलास काय? मी झोपलो नव्हतो. मी हिशेब करत होतो, वेड्यासारखा. आठवतं ना, मी कितीही उशिरा आलो तरी आई मी पोचेपर्यंत आडवी व्हायची नाही? मला वाटलं, मी पोचलोच नाही तर ती वाट बघत राहील. वाट बघणारं माणूस जात नाही. अशा तीन बस मी जाऊ दिल्या. आणि चौथी जी लागली ती सोफियाची होती. तिच्यात मी चढलो, फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चालू केला तेव्हा तुझे अकरा निरोप होते. चोराची गोष्ट मी तिथेच उभ्या उभ्या रचली. तुम्ही सगळ्यांनी ती मानली. तुझं "बिचारा" हे मी अडीच महिने ऐकतोय आणि प्रत्येक वेळी हो म्हणतोय. खरं सांगायचं तर, आईला न बघणंच मला सोपं वाटलं. बाकीचं सगळं मी नंतर जुळवलंय.

हे पत्र तुला का, तर तू हे बाबांना वाचून दाखवशील आणि मी तेव्हा डोंगरापलीकडे असेन. एवढाच माझा शूरपणा. पण इथवर लिहिलं आणि दार वाजलं. राइना आजी असेल म्हणून मी तसाच ओल्या डोळ्यांनी उघडलं. दारात बाबा. नवा कोट, टोपी हातात, टोपीत बर्फ. आपले बाबा, जे बेलग्रेडलासुद्धा कुरकुरत जातात, त्यांनी पासपोर्ट काढलाय, ताई. म्हणजे हे त्यांनी महिन्याभरापूर्वीच ठरवलं असणार, आणि पत्ता तूच दिलास, आणि परवा फोनवर मला एक अक्षर बोलली नाहीस. जिन्यानं त्यांना दम लागला होता. तरी ताठ उभे राहून त्यांनी, दुसऱ्याच्या घरी जाताना म्हणतात तसं म्हटलं, "कुळाचार सुखाचा होवो, यजमान. पाहुण्याला आत घेणार का?" मी बाजूला झालो. ते खुर्चीत बसले. या दिवशी त्यांना बसलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. पंच्यात गुंडाळून त्यांनी भाकर आणलीय, स्वतः भाजलेली, एका बाजूनं काळी, वरचा क्रूस तिरका. म्हणाले, पीठ कुठल्या डब्यात असतं ते शोधण्यातच एक दिवस गेला. मग मेणबत्तीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चोरानं फोन नेला, त्यात तुझा काय दोष. मला हे कळायला फार वेळ लागला." आता ते उठलेत. भाकर फिरवून मोडायला दोघांचे हात लागतात, त्यांनी त्यांचे पुढे केलेत. मी म्हटलं, बाबा, थांबा, आधी हे वाचा. ते भाकर खाली ठेवून खिसे चाचपतायत, चष्म्यासाठी. तेवढ्यात एवढं लिहून घेतलं. कागद तुझ्यापर्यंत पोचला तर तो त्यांनीच आणला असेल. चष्मा सापडला.

तुझाच,
वेल्को