शिळं पाणी

रत्नागिरी,
१६ जानेवारी १९८४

चि. हरिहर यास लीलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली काचेची टाकी शेजारच्या रघूने एस.टी.त मांडीवर घेऊन सुखरूप आणली. यांच्या खाटेशेजारीच टेबलावर ठेवली आहे. झटका आल्यापासून यांची वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले होते, मन कशात तरी गुंतवा. तू दिलेले मासे तीत सोडले आणि हे हसले रे! किती महिन्यांनी!

पण मेलं, काय चुकतंय तेच कळत नाही. एकामागून एक मासे मरताहेत, आणि मासा मेला की त्या दिवशी हे जेवत नाहीत. मी तर काही कमी करत नाही. रोज उजाडताच सगळं पाणी ओतून टाकते, काच घासते, वाळू धुते, त्या हिरव्या पात्या मुळासकट काढून चोळून धुते आणि विहिरीचं ताजं पाणी भरते. शिळं पाणी आपल्याकडे कधी ठेवलंय का? हेही बादली दिसली की डावा हात खाटेवर आपटतात. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेला शिस्तीचा माणूस, उशीर कसा खपेल! मग मी आणखी घाई करते. तू रोगट मासे तर नाही ना दिलेस?

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई


गिरगाव, मुंबई,
२४ जानेवारी १९८४

ती. सौ. ताईस कृ. सा. न. वि. वि.

ताई, हसू की रडू? मासे धडधाकट होते गं, तुझ्या स्वच्छतेने गेले! दुकानदाराला विचारून आलो. तो म्हणतो, पाणी मुरावं लागतं. वाळूत आणि मुळांशी डोळ्यांना न दिसणारे जीव धरतात, ते माशांची घाण पचवतात. तू रोज त्यांनाच धुऊन काढतेस. मलाही नीटसं उमजलं नाही, पण तू ऐक. आठवड्याने थोडंसंच पाणी बदल, तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं. पात्या उपटू नकोस. खाणं चिमूटभरच घाल.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र धाड.

तुझा हरिहर


रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. हरिहर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. देवाला ताजं, माणसाला ताजं आणि माशालाच तेवढं शिळं? तरी हात आवरून बसले. तर पाणी ताकासारखं पांढरं झालं! तुझ्या त्या दुकानदाराला मनातल्या मनात काय काय बोलले, विचारू नकोस.

शेवटी राहवेना. बादली घेऊन उठले. यांनी हात आपटला. बघ, म्हटलं, यांनाही हेच हवंय. तांब्या बुडवला, तोच यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, नको.

हरिहर, अगदी स्पष्ट बोलले रे. नको.

रोज हेच सांगत होते, आणि मी काय समजत होते! आपटणारा हात बघून उलट जास्तच घासत होते. एवढ्या वर्षांचा संसार, आणि यांचं एवढंसं मला कळू नये? खाटेशी बसून खूप रडले. हे डाव्या हाताने माझी पाठ थोपटत राहिले.

पाणी मग आपलं आपणच निवळलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. पात्यांना नवे कोंब आलेत, उरलेले दोन मासे त्यांत लपतात. हे जेवतात.

काल सडा घालायला बादली उचलली, तर आधी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, घाल.

आहे तशी माया राहू दे.

तुझी ताई