चुडा मेथड

प्रिय पृथ्वी,

पाकीट बघून हसशील. या जमान्यात ताईला पोस्टाचं तिकीट कुठून सुचलं, म्हणशील. कारण साधं आहे. मागच्या दिवाळीत आप्पा तुला फोनवर 'जेवलास का, पोट साफ होतं का' असं विचारत होते, ते तू त्यांना न सांगता व्हिडिओत टाकलंस. खाली नाचणारी अक्षरं, 'लेजंडचे वडील'. पुढचा आठवडाभर भवानी पेठेतल्या अख्ख्या गल्लीने आप्पांच्या पोटाची चौकशी केली. तेव्हापासून तुझा फोन आला की मी आधी पदर सावरते आणि मग हॅलो म्हणते. त्यापेक्षा कागद बरा. कागदाच्या मागे म्युझिक लावता येत नाही.

तुझा निरोप मिळाला. येत्या रविवारी तू टीम घेऊन येणार, आपल्या बांगड्यांच्या दुकानात शूटिंग करणार. आप्पांनी गादीवर बसायचं, कुणा नटव्या मॉडेलचा हात हातात घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, 'ही कला माझी, मी ती माझ्या लेकाला दिली.' मग तुझा नवा कोर्स बाजारात येणार, नाव 'चुडा मेथड'. माझं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाकधूक नको. नाही. आपल्या दुकानात हे होणार नाही. आता चहा घे आणि निवांत वाच.

तुझी भरभराट माझ्या डोळ्यांत खुपते असं मात्र समजू नकोस. पुण्याला डिप्लोमा करायला गेलास, होस्टेलच्या गच्चीवर उभं राहून अनोळखी मुलीशी बोलायचं कसं यावर व्हिडिओ केलास, आणि त्याला एवढी पोरं जमली की कॉलेज तिथंच सुटलं. पृथ्वीराज कासारचा 'प्रिन्स पृथ्वी' झाला. मग हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिरं, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं आणि शेवटच्या दिवशी मॉलमध्ये प्रात्यक्षिक. मग 'सात दिवसांत होकार' हे पुस्तक. मग अत्तर, मग तो आरशासारखा चकाकणारा कुर्ता, आणि आता वर्गणीचं अ‍ॅप, ज्यात मुलीचा मेसेज टाकला की उलट काय लिहायचं ते मशीनच सांगतं. आपल्या घराण्यात एवढे धंदे कुणी केले नाहीत. आप्पा बरेच दिवस लोकांना सांगायचे की पोरगं बोलायला शिकवतं, सभेत बोलतात तसं. मीही त्यांना त्याच समजात राहू दिलं.

तुझे शिष्य अधूनमधून येतात. केमहून एक जण रेल्वेने आला, दुकानापुढे उभं राहून त्याने 'सरांचं जन्मस्थान' म्हणून फोटो काढला आणि पायरीला हात लावून गेला. बिचारा सज्जन होता. दुसरा मात्र तुझा धडा पाठ करून आला होता. आमच्याकडे बांगड्या घ्यायला बसलेल्या विणकरांच्या एका मुलीवर त्याने तो चालवून बघितला. मुलगी नाही म्हणाली तर समजायचं की तिला अजून स्वतःचं मन कळलेलं नाही, असं तू शिकवतोस ना, म्हणून तो थांबेचना. तिने त्याला आधी तेलुगूत समजावलं, मग मराठीत, आणि शेवटी पायातली चप्पल काढून. समोरचा चन्नवीर चहाची किटली घेऊन बघत उभा होता, तो अजून ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो. मीही हसले. पण ती मुलगी परत आमच्या दुकानाची पायरी चढली नाही, आणि मला ते लागलं.

आता तुझ्या कलेचं बोलू. तू व्हिडिओत म्हणतोस, 'मी कासाराचा मुलगा. लहानपणापासून हजारो बायकांचे हात हातात घेतलेत. कुठं दाबलं की बाई विरघळते ते मला बापाने शिकवलं.' अरे शहाण्या, तू जन्मात एकाच बाईच्या हातात बांगड्या भरल्यास आणि ती मी. आप्पांनी तुला शिकवायला बसवलं आणि मी माझा हात दिला. अंगठ्याखालचा सांधा दाबायचा, बोटं जुळवून हात लहान करायचा आणि नजर बांगडीवरून हलवायची नाही. तू समोरच्या आरशात स्वतःचा भांग बघत होतास. एकामागून एक काचा वाढवल्यास, शेवटची फुटली ती माझ्या मनगटात रुतली. रक्त बघून मी रडायच्या आधी तूच रडलास आणि 'मला हे बायकी काम नको' म्हणून उठलास, तो त्या गादीवर पुन्हा बसला नाहीस. तुझ्या त्या हजारो बायकांपैकी ही एक, व्रण दाखवायला कधीही तयार आहे.

बांगड्या भरताना बाई विरघळत नाही रे. तिला दुखतं. ती डोळे मिटते, ओठ दाबते, आणि मग ते दुखणं विसरायला बोलायला लागते, जे घरात बोलता येत नाही ते सगळं. कासार हा माहेरचा माणूस. परक्या पुरुषाने सुनेचा हात धरावा आणि सासूने शेजारी बसून खुशाल चहा प्यावा, असा दुसरा धंदा मला दाखव. तो विश्वास आप्पांनी विकत आणला नव्हता. मी नवऱ्याचं घर सोडून अक्कलकोटहून परत आले तेव्हा आप्पांनी मला काही म्हणजे काही विचारलं नाही. गादीवर थोडे सरकले आणि जागा करून दिली. त्या जागेवर बसून मी आज पोट भरते. तेव्हा त्या गादीवर कोण काय बोलणार हे ठरवायचा हक्क मलाही आहे, तुझ्याइतका आणि कदाचित तुझ्यापेक्षा जास्त.

श्रावणात वैरागच्या बाजारात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. आप्पांनी मनाई केली होती. आम्ही नेहमीसारखं कापड अंथरून बसलो होतो. बजाबाई आली. तीच ती शेतकऱ्याघरची, जी दरवर्षी आप्पांना भाकरी आणि ठेचा बांधून आणते. एक हात भरून झाला होता, दुसरा आप्पांच्या हातात होता, आणि तिचा नवरा हिंदुराव फोन पुढे धरून आला. फोनमध्ये तू बोलत होतास. तो म्हणाला, 'हात सोडा. तुमचा पोरगा काय शिकवतोय ते बगितलंय आमी. बापानंच शिकवलं म्हनतोय की.' आप्पांनी हात सोडला. सवाष्ण बाई एक मनगट भरलेलं आणि एक मोकळं घेऊन बाजारातून उठून गेली. लोक बघत होते. आप्पांनी बांगड्या ट्रंकेत भरल्या. मी भांडायला उठले तर मला खाली बसवलं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाही बाईचा हात हातात घेतला नाही. दुकानात बसतात, दोरीत बांगड्या ओवतात, गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट करतात. मला राग येतो, पृथ्वी. तुझा येतो, हिंदुरावाचा येतो, आणि सगळ्यात जास्त आप्पांच्या त्या मुकाट बसण्याचा येतो.

काल बजाबाई दुकानात आली. हिंदुराव बरोबर होता, पण तो रस्त्यावरच उभा राहिला. त्यांच्या ऋतुजाचं लग्न ठरलंय. मी पुढे झाले तर बजाबाई माझ्याकडे बघेना. सरळ आप्पांसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, 'ह्यांचं काय मनाला लावून घिऊ नका. लई वर्सं तुमीच भरलंय, आताबी तुमीच भरा. आन् रविवारी पोरीचा चुडा हाय, घरी या.' आप्पांनी ओवायची दोरी बाजूला ठेवली. मग त्यांनी भरल्या. एकही काच वाढली नाही. बजाबाईने बांगड्यांना नमस्कार केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं, आता सगळं मार्गी लागलं. आणि मग आप्पा तिला हळूच म्हणाले, 'रविवारी जमणार न्हाय, बाई. आन् त्याच्याम्होरं मी भरणारबी न्हाय. ह्यो हात शेवटचा.'

ती गेल्यावर मी त्यांना धरलंच. तेव्हा कळलं की तुझ्या शूटिंगसाठी त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय. म्हणाले, 'पोरगं म्हनतंय तर बसतो. म्हनंल ते बोलतो. त्याचं पोट हाय त्यावर. पन एकदा तसं बोललो की मंग कुना बाईचा हात धरायचं त्वांड ऱ्हात न्हाय.' मी चिडले, नको ते बोलले, तुलाही शिव्या दिल्या.  मग आप्पा म्हणाले, 'वैजू, भरताना बांगडी फुटली तर आपन गिऱ्हाइकाकडनं पैसं घेतो का? कासाराच्या हातात फुटली, ती कासाराची.' ते बांगडीचं बोलत नव्हते. तुझं बोलत होते. आणि यातलं काहीही तुला कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलं. म्हणून तर हे पत्र लिहिते आहे.

आप्पांचा हा न्याय मला मान्य नाही. तू त्यांच्या हातात फुटला नाहीस. धडधाकट होतास, आपल्या पायांनी उठून गेलास, आणि पुढे जे काही फुटलं ते तुझ्याच हातात फुटलं. त्याची भरपाई म्हाताऱ्याने आपला हात देऊन करायची नाही, निदान मी जिवंत असताना तरी नाही. रविवारी दुकान बंद असेल आणि किल्ली माझ्या कमरेला असेल. तुझ्या टीमला कुलपाचं शूटिंग करायचं तर खुशाल करू दे. आम्ही वैरागला बजाबाईच्या घरी, ऋतुजाच्या चुड्याला जाणार आहोत. तुला आप्पांसाठी खरंच काही करायचं असेल तर तिथं ये, एकटा ये, आणि चार माणसांत हिंदुरावासमोर उभं राहून सांग की तुझ्या बापाने तुला असलं काही शिकवलं नाही. आलास तर जेवायला थांब. नाही आलास तरी चुडा आप्पाच भरतील. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. रविवारी सकाळी ट्रंक मी उचलणार आहे, आणि ते उंबऱ्यात अडखळले तर त्यांचा हात धरून एसटीत बसवणार आहे.

रागातसुद्धा तुझीच,
वैजूताई