सोबतीच्या शब्दांचा धडा

चिपळूण, २३ नोव्हेंबर २००३

ती. ताईस,
शशिकांतचा सा. न. वि. वि.

पाचव्या धड्याचा कागद तपासून सोबत पाठवतोय. सोसायटीची इंग्रजी नोटीस तू आपली आपण वाचलीस, हे वाचून बरं वाटलं. भावोजी असते तर चष्म्यावरून तुझ्याकडे बघत राहिले असते.

आता सहावा धडा. 'फ्रेंड' तुला येतो. तुमच्या बेव्हर्ली पार्कातली पोरंसोरंही तो दिवसभर उधळत असतात. पण त्याच्या भावंडांचे स्वभाव वेगळे आहेत. चम म्हणजे ज्याच्याशी थट्टामस्करी चालते तो. मेट म्हणजे एका खोलीतला, एका कामातला जोडीदार. कॉम्रेड एका लढ्यातला. अलाय गरजेपुरता आपल्या बाजूचा. आणि कम्पॅनियन म्हणजे जो नुसता बरोबर असतो. प्रत्येक शब्दापुढे तुझ्या माहितीतल्या एका माणसाचं नाव लिही आणि कारण दे.

जागा विकायचं काय ठरवलंस? गिऱ्हाईक संक्रांतीपर्यंत थांबेल, असं पराग मस्कतहून कळवतो; बाकी आईने आणि मामाने ठरवावं म्हणतो. माझं मत तुला ठाऊक आहे. त्या चौथ्या मजल्यावर तुझं कोण आहे? इथली मागची खोली मी रंगवून घेतली आहे.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेल्या धाकट्यावर लोभ असू दे.
तुझा शशिकांत


मिरा रोड, ५ डिसेंबर २००३

चि. शशीस,
ताईचे अ. उ. आ.

गुरुजी, गृहपाठ केला आहे. छडी खाली ठेवा आणि वाचा.

चम, समोरची हंसाबेन. माझ्याकडे मासळी शिजली की दार लावून घेते, आणि वास गेला की डोकं बाहेर काढून कालच्या सिरियलमध्ये काय झालं ते सांगते, अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत. माझं ऐकून होण्याआधीच हसते.

कॉम्रेड, आमचे सेक्रेटरी आत्माराम. मे महिन्यात नळ कोरडे होते तेव्हा आम्ही दोघांनी टँकरवाल्याच्या पुढ्यात उभं राहून गाडी अडवली होती. अलाय, कामाला येणारी सरूबाई. भाजीवाल्यासमोर माझ्या बाजूने भांडते, घरात आल्यावर माझ्याशी.

मेटपुढे तुझ्या भावोजींचं नाव लिहिलंय. एकतीस वर्षं एका खोलीत काढली. गेलेल्या माणसाचं नाव चालतं की नाही, ते तू बघ.

कम्पॅनियन, खाडीकाठच्या मुर्धा गावची इंदुबाई. मंगळवारी आणि शुक्रवारी मासळी घेऊन येते. पाटी रिकामी झाली की माझ्या उंबऱ्याशी अर्धा तास बसते. आम्ही फारसं बोलत नाही.

जागेचं अजून ठरत नाही. रोज सकाळी एक ठरवते आणि दुपारी दुसरंच. प्रकृतीला जप, आणि मार्क देताना ताईवर माया ठेव.
तुझी ताई


चिपळूण, १२ डिसेंबर २००३

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद परत पाठवतोय. दहापैकी सात. भावोजींच्या नावाला मी हात लावलेला नाही.

इंदुबाईचं नाव मात्र लाल शाईने खोडलंय, वाईट वाटून घेऊ नकोस. मासळीवाली दमते म्हणून टेकते. ही ओळख झाली, सोबत नव्हे. ती ओळ तू रिकामी सोडली असतीस तर पूर्ण मार्क दिले असते, कारण खरं उत्तर तेच आहे. म्हणूनच इतक्या वर्षांत केला नाही तेवढा आग्रह मी आता करतोय. गिऱ्हाइकाला होकार दे, मी न्यायला येतो.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा शशिकांत


मिरा रोड, ३ जानेवारी २००४

चि. शशीस अ. उ. आ.

तुझं पत्र आणि त्यामागून आलेली दोन्ही कार्डं मिळाली. मी बरी आहे. रागावले होते, म्हणून तीन आठवडे लिहिलं नाही.

तुझे भावोजी गेले तेव्हा माणसांची रीघ लागली होती. प्रत्येकजण काहीतरी समजावून गेला. इंदुबाई आली, पाटी बाहेर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी पाटीत मासळी नव्हतीच. ती विकायला आली नव्हती.

गेल्या आठवड्यात तिने मला मुर्ध्याला नेलं. खाडीकाठची मिठागरं आता कुणी पिकवत नाही, पण चौकोन तसेच आहेत आणि भरतीचं पाणी त्यांत येऊन थांबतं. संध्याकाळी त्यांत आकाश उतरलं. बगळे पाण्यात चालताहेत की ढगांत, कळेना. पलीकडच्या नव्या इमारतींचे सांगाडे पाण्यात उलटे पडून हलके झाले होते, उचलून दुसरीकडे ठेवता येतील इतके. मला वाटलं, मी झोपेत आहे आणि झोपेतही शेजारी कुणीतरी आहे. केव्हातरी मी तिला विचारलं की घरी कामं नाहीत का. ती 'न्हाय' एवढंच म्हणाली आणि बसून राहिली. तिच्या घरी सात माणसांचा स्वयंपाक असतो.

तुझी लाल रेघ मी मान्य करत नाही. मार्क तुझे तू ठेव.
तुझ्यावर माया असलेली, तरी रुसलेली,
ताई


चिपळूण, ८ जानेवारी २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं चुकलं हे दाखवायला मी आदर्श उत्तर लिहायला बसलो. चौतीस वर्षं असली उत्तरं फळ्यावर लिहिली, मला काय कठीण. मेटपुढे शाळेतले तीन मास्तर आठवले. दोघे वारले, तिसऱ्याचा पत्ता माझ्याकडे नाही. कम्पॅनियनपुढे धाकूचं नाव लिहिलं. तो परसातलं गवत काढायला येतो. मग आठवलं की नऊ वर्षांत मी त्याला एकदाही ओटीवर बसवलेलं नाही. ते नाव मीच खोडलं.

ताई, तुझं तिथे कोणी नाही म्हणून मी तुला बोलवत नव्हतो. माझं इथे कोणी नाही. पाच वाजल्यानंतर या घरात माझ्याच पायांचा आवाज असतो. तुझं पत्र मी एका दिवशी अर्धंच वाचतो, उरलेलं दुसऱ्या दिवसाला ठेवतो. मला तुझी सोबत हवी आहे. हे लिहायला मला लाज वाटली, म्हणून तुझंच एकटेपण पुढे केलं.

क्षमा कर, आणि उत्तर लवकर पाठव.
तुझा शशी


मिरा रोड, १३ जानेवारी २००४

चि. शशीस अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. गिऱ्हाइकाला मी परवाच नाही म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरात एवढं एक वाक्य लिहिलं असतंस, तर मी कुणाला न विचारता सामान बांधून निघाले असते. शाळामास्तरच भाऊ मला मिळायचा होता, तो मलाच शिकवत बसला. आता मला इथून पाय निघत नाही, आणि तू तिथे एकटा पावलं ऐकत बसलायस हेही सहन होत नाही. रात्रभर रडले. याचा राग सगळा तुझ्यावर आहे, आणि राग काढायला माणूस समोर लागतं. तेव्हा कुलूप लाव आणि ये.

लोभ आहेच. तो पोस्टाने पाठवायचा मला कंटाळा आलाय.
तुझी ताई