दोन थरांमधली रेष

गोदावरी दत्तात्रय पेडगावकर, तू होतीस तोवर तुझे नाव माझ्या तोंडून कधी निघाले नाही. आपल्याकडे नवऱ्याने ते घ्यायचे नसते. तुला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर आज ते पूर्ण लिहितो आहे.

परभणीच्या शाळेतली माझी नेमणूक तेव्हा हंगामी होती. नाझिरसाहेबांच्या मुआयन्यात, म्हणजे शाळातपासणीत, प्रयोग साधला, तरच ती कायम होणार होती. कार्बॉलिक ॲसिड आणि पाणी यांचे नळीत दोन थर राहतात. मधली रेष पृष्ठताणामुळे काचेपाशी वक्र दिसते. ऊब वाढवीत नेली की तो ताण क्षीण होतो, रेष सपाट होते आणि एका ठरावीक अंशाला नाहीशी होऊन दोन्ही द्रव एक होतात. आदल्या दिवशी घरी तालीम घेतली, तेव्हा पारा तो अंश ओलांडून गेला तरी रेष जाईना.

तू दारात उभी होतीस. "बाटलीतलं वाफेचं पाणी मी अभिषेकाला घेतलं. तुमीच म्हणालात, याच्याइतकं शुद्ध पाणी कुठं न्हाई. मग आडाच्या पाण्यानं बाटली भरून ठेवली."

आपल्या आडाचे पाणी खारे; क्षार मिसळले की तो अंशच वर सरकतो. हैदराबादेहून दुसरी बाटली मागवण्यास अवधी नव्हता. मी नळ्या आवरू लागलो.

"आणा तुमचं काचेचं भांडं, माझ्या चुलीवर धरा वाफ."

"आणि सोवळे?"

"नोकरी गेल्यावर देवाला नैवेद्य काय दाखवू, थर्मामीटर?"

ज्या स्वयंपाकघरात सदरा घालून पाऊल टाकण्याची मला मुभा नव्हती, तिथे दुपारभर तू जाळ सारखा ठेवीत आहेस, थेंबाथेंबाने पाणी उतरते आहे. मग नवी नळी तापते आणि तू म्हणतेस, "गेली की हो रेष!"

मुआयन्यात नाझिरसाहेब नळीजवळ नाक नेऊन म्हणाले, "अरे मास्टरसाब, लकीर किधर गई?" निवताना नळी दुधासारखी धुरकटली, तेव्हा तर ते खुर्चीवरून उठलेच. नोकरी कायम झाली. आपला संसार त्या नोकरीवर उभा राहिला, आणि ती तू दिलीस, असेच मी मानत आलो आहे.

आज सेवानिवृत्त झालो. हे पत्र प्रयोगशाळेच्या टेबलावर लिहिले आहे. कुठे धाडायचे नसल्यामुळे ते घरी बसूनही लिहिता आले असते. पण तू गेल्यापासून शाळा सुटल्यावर घरी जाण्यास मी टाळाटाळ करतो, आणि उद्यापासून त्याला काही निमित्त उरणार नाही. शिपाई खोळंबला आहे. एवढे व्हरांड्यात उभ्यानेच लिहितो: दाराला कुलूप लावले, किल्ल्या परत दिल्या.